तीन दिवस मोबाईल गप्प होता आणि मला वाटलं घर सुरक्षित आहे

घरात सिक्युरिटी सिस्टिम बसवून दीडेक वर्ष झालं. दारं-खिडक्यांना सेन्सर, हॉलमध्ये मोशन सेन्सर, बाहेर कॅमेरा आणि सगळ्याचे अलर्ट मोबाईलवर. मागच्या महिन्यात आम्ही पाच दिवस बाहेर होतो, पहिले दोन दिवस अधूनमधून अलर्ट येत होते, मग एकही नाही. मी घरच्यांना म्हटलं पण, की बघा, सगळं शांत आहे. परत आल्यावर दार उघडलं आणि लक्षात आलं की एरवी दार उघडलं की लगेच वाजणारा खिशातला फोन वाजलाच नाहीये. पोटात गोळाच आला. आत बघतो तर लाईट जाऊन आल्यावर राऊटर मध्येच अडकून पडलेला. म्हणजे ते तीन दिवस घरात कोणी काहीही केलं असतं तरी मला कळलं नसतं. काही झालं नव्हतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग बसून सगळं समजून घेतलं. दार उघडलं की चुंबक सेन्सरपासून लांब जातं, सेन्सर हबला (सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो घरातला मुख्य डबा) सांगतो, हब राऊटरला, तिथून इंटरनेटवरून कंपनीचा सर्व्हर, तिथून गूगल किंवा ॲपलची नोटिफिकेशन सेवा, आणि मग आपला फोन. यातलं काहीही एक बंद पडलं की अलर्ट येत नाही, आणि तो येत नाहीये हेही कोणी सांगत नाही! यावर उपाय ॲपमध्येच होता, हबचा संपर्क तुटला की सर्व्हर स्वतःहून कळवतो, पण माझ्याकडे ते सेटिंग बंद होतं. तुमच्याकडे सिस्टिम असेल तर आज आधी हे बघा, बाकी सगळं नंतर.

हब आणि राऊटर दोन्ही आता छोट्या यूपीएसवर आहेत. हबमध्ये सिमही टाकलंय, नेट गेलं तर एसएमएस येतो. सिम टाकताना हबमधला सिम चालवणारा भाग 4जी आहे ना ते बघून घ्या कारण बऱ्याच देशांत जुनी 2जी-3जी नेटवर्क बंद होत चालली आहेत, आणि त्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. अजून एक, इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात पण देवनागरीत 70च, त्यामुळे सेन्सरची नावं मी छोटी ठेवलीत, ‘मागचं दार’, ‘जिना’, बस.

फोनचंही बघावं लागतं. अँड्रॉइडमध्ये 2015 ला 6.0 पासून डोझ नावाची बॅटरी वाचवायची सोय आली, फोन नुसता पडून असला की ती मागे चालणारी ॲप्स झोपवते, तातडीचे मेसेज त्यातूनही येतात खरे पण काही फोनचे स्वतःचे बॅटरी सेव्हर त्याहून कडक असतात. म्हणून या ॲपला बॅटरीचं बंधन काढून टाकलं, आणि डू नॉट डिस्टर्बमध्येही वाजायची परवानगी दिली.

आणि कॅमेरा! रात्री त्याच्या इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, जाळं वाऱ्यावर हललं की कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी आलं. रात्रीत वीस-वीस अलर्ट यायचे म्हणून मी कॅमेऱ्याचा आवाजच बंद करून टाकला होता, हे मी फार चुकीचं केलं. आता दर आठवड्याला काच पुसतो, जाळं काढतो, फक्त माणूस दिसला तरच अलर्ट असं सेटिंग ठेवलंय, आणि आवाज चालू.

रोज सकाळी सातला हबकडून ‘सिस्टिम चालू आहे’ असा मेसेज येतो, सव्वासातपर्यंत आला नाही तर मी हातातलं काम सोडून बघतो. शिवाय महिन्यातून एकदा मुद्दाम राऊटरची पिन काढून ठेवतो. गेल्या रविवारी काढली तेव्हा संपर्क तुटल्याचा अलर्ट बायकोच्या फोनवर आधी आला, माझ्यावर चार मिनिटांनी. ती चार मिनिटं कुठे गेली ते अजून शोधतोय.