डाव्या हाताचं पॅडल

मंगळवार, १० मार्च

आज पोहताना डाव्या हाताचं पॅडल, म्हणजे तळव्याला लावायचं सपाट पान, तीनदा निसटलं. तिन्ही वेळा एकाच क्षणी, उजवीकडे तोंड वळवून श्वास घेताना. पहिल्यांदा वाटलं, ते बोटाला अडकवणारी नळी सैल झाली असेल. बोटावर घट्ट बसवून पुन्हा निघाले, तर दहा-बारा हातांनंतर परत तेच. तळव्यावरून उचललं गेलं, बोटाभोवती फडफडलं आणि गेलं खाली. बुडी मारून तळाच्या निळ्या फरशीवरून उचलून आणलं. उजव्या हाताचं मात्र एकदाही हललं नाही.

पोहायला शिकवणाऱ्या सरांनी कालच दोन्ही पॅडल्सच्या मनगटाच्या नळ्या काढून घेतल्या. म्हणाले, "ताई, आता फक्त मधल्या बोटाची ठेवा. हात बरोबर पडला तर पाणीच पॅडल तळव्याला दाबून धरतं. चुकला की सुटतं. मी काठावरून सांगण्यापेक्षा ते बरं." मनगटाला बांधलेलं असताना दोन महिने मला हे कळलंच नव्हतं. हात कसाही टाकला तरी पॅडल जागेवरच राहायचं आणि मला वाटायचं, जमतंय.

तिसऱ्यांदा निसटल्यावर सरांनी काठाला धरून थांबायला लावलं आणि डावा हात काय करतो ते दाखवलं. उजवीकडे श्वास घेते तेव्हा डावा हात पुढे ताणलेला असायला हवा, पाण्याच्या जरा खाली, वाट बघत. माझा हात वाट बघत नाही. तोंड वळलं की तो लगेच सरळ कोपराने पाणी खाली दाबायला लागतो. खाली दाबलेलं पाणी डोकं वर उचलतं, अंग पुढे नेत नाही. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग तेवढं सगळं पाण्यातून ओढत न्यायचं. मोकळ्या हाताला या दाबण्याचा पत्ता लागत नाही, पाणी बोटांच्या बाजूने निघून जातं. पॅडलच्या सपाट पानाला तो लागतो.

ही खोड कुठली, ते घरी येईपर्यंत माझं मलाच उलगडलं. ती विहिरीची आहे. आठव्या वर्षी आजोबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत सोडलं तेव्हा शिकायचं एकच होतं, तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. तिथे अंतर कापायचं नव्हतंच, समोर दगडी भिंत. हात मारायचे ते वर राहण्यासाठी. पाणी खाली दाबा, डोकं वर. त्या दाबण्यावरच मी पोहायला शिकले आणि आजोबांचं त्यात काहीच चुकलं नाही. चाळीस वर्षांनंतरही श्वासाची वेळ आली की माझा डावा हात तेच करतो, कारण त्याला मला बुडू द्यायचं नाही. हे कळल्यावर मला त्या हाताचा राग येईना.

पण विहिरीनेच दुसरीही गोष्ट दिली आहे. वर येताना आम्ही कपारीतला दगड धरायचो. दगड जागचा हलत नाही, अंग त्याच्या आधाराने वर सरकतं. सर ज्याला कॅच म्हणतात ते मला आज प्रथमच तसं कळलं. बोटं आधी पाण्यात जायला हवीत, खांद्याच्या रेषेत, अंगठ्याने पाणी चिरत नव्हे. मग कोपर वरच ठेवून बोटं तळाकडे वळवायची, मनगट मोडू द्यायचं नाही, म्हणजे तळवा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून एक फळी होते. त्या फळीने पाण्यात दगड धरायचा आणि अंग त्याच्यापुढे न्यायचं. पॅडल घातलेलं असलं की हा दगड खरोखर हाताला लागतो. दाब सगळ्या तळव्यावर सारखा येतो, फक्त बोटांवर किंवा फक्त करंगळीच्या बाजूला नाही. उजव्या हाताला तो आज प्रत्येक वेळी लागला.

हात मोजले. पॅडलशिवाय २५ मीटरला २४, पॅडल घालून १९. या १९ वर खूश व्हायचं नाही, तो आकडा पॅडलचा आहे. काढल्यावर काय उरतं ते बघायचं. काढल्यावर पहिले काही हात तर फार वाईट गेले, तळवे लहान मुलाचे वाटतात, धरायला काही नाही. मग सरांनी २५ मीटर मुठी वळून पोहायला लावलं. मुठीने पाणी धरायचं म्हणजे कोपरापर्यंतचा हातच कामाला लावावा लागतो. त्यानंतर बोटं उघडली आणि २२ हातांत भिंत आली. हे २२ माझे.

गेल्या वर्षीचंही लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. तेव्हा मी कुणालाही न विचारता तळव्याच्या दीडपट मोठी पॅडल्स मागवली आणि पहिल्याच आठवड्यात सलग हजार मीटर मारले. उजवा खांदा दीड महिना गेला, वेणी घालायलाही हात वर जात नव्हता. पानाचं क्षेत्रफळ जितकं जास्त तितका पाण्याचा विरोध जास्त, आणि हात जोरात ओढला तर तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा सगळा भार शेवटी येतो खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणाऱ्या रोटेटर कफच्या लहान स्नायूंवर. ते काही छाती-पाठीच्या स्नायूंसारखे दांडगे नसतात. आमच्या बॅचमध्ये अजूनही काही जणी म्हणतात की मोठं पॅडल म्हणजे जास्त ताकद. मला ते अजिबात पटत नाही. आताचं माझं पॅडल तळव्याहून बोटभरच मोठं आहे, भोकं असलेलं, आणि १६०० मीटरमधले जास्तीत जास्त ४०० मीटर त्याचे. तेही सलग नाही, ५० पॅडल घालून, ५० मोकळ्या हाताने. खांद्यात टोचल्यासारखं झालं की लगेच काढायचं.

आणि ही तक्रार किती जुनी आहे! बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनमध्ये लहान असताना त्याने स्वतःच्या हातांसाठी दोन लंबगोल फळ्या केल्या होत्या, सुमारे १० इंच लांब आणि ६ इंच रुंद, अंगठ्यासाठी भोक पाडलेल्या, चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या. पुढे एका पत्रात त्याने लिहिलं की त्यांनी वेग वाढला, पण मनगटं दमली. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची मनगटं आणि माझा खांदा. मला तो आज फार जवळचा वाटला.

शेवटच्या २५ मीटरचं लिहायचं राहिलं. सर म्हणाले, "श्वास घेताना डावा कान पाण्यावर टेकवून ठेवा, एक गॉगल पाण्यातच राहू द्या, आणि डाव्या हाताला सांगा, थांब." तसं केलं. तोंड वळलं, डाव्या गॉगलमधून खालची निळी फरशी दिसत राहिली, उजव्यातून छताचे पत्रे. हात खाली जायला निघाला होता, पण थांबला. तोंड पाण्यात परत आलं, कोपर वर राहिलं, आणि पॅडल तळव्याला चिकटलं. चार-पाच श्वास असेच गेले. मधे एकदा ते थरथरलं, सुटलं नाही.

उद्या सुट्टी. गुरुवारी आधी मुठी, मग पॅडल, आणि तेही फक्त डाव्या हाताला.