मगरू नका म्हणे!

बीएस्सीला झूलॉजी होतं माझं, त्यामुळं मगर आन् अलिगेटर मधला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगतो, तोंड मिटल्यावर खालचा चौथा दात बाहेर दिसला की मगर, नाही दिसला की अलिगेटर. एस्पेरांतो नावाची बनवलेली भाषा शिकायला घेतल्यावर ह्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

ही भाषा झामेनहोफ नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं १८८७ ला काढली. नामाच्या शेवटी ओ, मूळ क्रियापदाच्या शेवटी ई, पाठ करायला फार नाही म्हणून मी लागलो. तीन महिने मोबाईलवर घासलं आन् एकदाचं रविवारच्या ऑनलाईन गप्पांना बसलो. तिथं एक पुण्याचा पोरगा निघाला, मग काय, आमचं मराठीतच सुरू, दादा नांदेडला कुठं राहता, अमकं तमकं. तेवढ्यात एक बाई ओरडल्या, "ने क्रोकोदीलु!"

मी शब्द फोडला. क्रोकोदीलो म्हणजे मगर, ई लावला की मगरणे, उ लावला की हुकूम. मगरू नका?? मला वाटलं मागं भिंतीवर पाल दिसली की काय ह्यांना, मी वळून बघितलं बी! सगळे हसायले.

नंतर कळलं, एस्पेरांतो बोलणाऱ्यांत बसून आपली मायबोली झोडत बसलं की त्याला क्रोकोदीली म्हणतात. पुढं पोरांनी सगळं खानदानच कामाला लावलंय. समोरचा आपली भाषा शिकून बोलायला आन् आपण तीच आपली म्हणून बोलायलो, तर ते अलिगातोरी. दोघांचीही नाही अशी तिसरीच भाषा वापरली तर काइमानी. कैमन हा अलिगेटरच्याच कुळातला, पण इथं कूळ कोण बघतंय, जबडा मोठा असला म्हणजे झालं.

धर्माबादला मामाकडं गेलो तेव्हा हे डोक्यातच होतं. तेलंगणाची हद्द जवळ, किराणावाले काका तेलुगू. ते मला मराठीत म्हणाले "साखर किती देऊ", मी मराठीत "दोन किलो", म्हणजे मी अलिगातोरी केलं. मग भावावरून घासाघीस सुरू झाली की दोघं बी आपोआप हिंदीवर, काइमानी! मी एकटाच हसायलो, काका म्हणे काय झालं रे, आता त्यांना काय सांगू.

पुढच्या रविवारी मधीच लाईट गेली. पुण्याच्या पोरानं मराठीत विचारलं, दादा आवाज येतोय का. तोंडावर आलेलं गिळलं आन् नेट टिकलं तेवढ्यात टाईप केलं, एलेक्त्रो मान्कास, म्हणजे लाईट नाही.