किलो, कैची आणि आठशे पाइप

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किलोला काय भाव?" लातूरला अण्णांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, गोदामाच्या कैच्या (छत पेलणारे लोखंडी सांगाडे), सगळं आधी वजनकाट्यावर चढायचं आणि मग बिल व्हायचं. अँगल जितका जाड तितकं काम पक्कं, अशी गिऱ्हाइकाची समजूत. लोखंड जास्त लागलं तर आमचं बिलही मोठं, त्यामुळे ती समजूत कुणी मोडायला जात नव्हतं. मला मात्र ती पटत नव्हती. जड म्हणजे भक्कम नव्हे, हे मी सहावीत असतानाच पाहिलं होतं. म्हणूनच आज मी स्पेस फ्रेम बनवतो, म्हणजे बारीक पाइप त्रिकोणांत जोडून केलेली, मध्ये खांब नसलेली हलकी छतं.

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. 29 सप्टेंबर 1993 ला गणपती विसर्जन झालं आणि 30 तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आजोबांचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडाची पाटणी आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. मे महिन्यात त्या घरासारखा गारवा कुठे मिळायचा नाही. त्याच भिंती आणि तीच माती त्या रात्री गावोगावी माणसांच्या अंगावर आली. आमच्या माजघरात सागवानी खांब-तुळयांचा खण होता. भिंती कोसळल्या, खण कलला, पण आडवा झाला नाही. आजोबा त्याच्याखालून जिवंत निघाले.

तो खण का कलला, याचं उत्तर मला डिप्लोमाच्या वर्गात मिळालं. त्यात एकही तिरपं लाकूड नव्हतं. चार बाजूंची लांबी तीच ठेवूनही चौकोन कोपऱ्यात दुमडून तिरका होतो. त्रिकोणाचं तसं नसतं. तिन्ही बाजू ठरल्या की कोनही ठरले, आता बाजू लांबल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय आकार बदलणार नाही. सरांनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचं माजघर आलं. मी काय करायचं ते त्या दिवशी ठरलं, असं मला आजही वाटतं.

पुढे वाळूजला काही वर्षं नोकरी केली. एका प्रदर्शनासाठी दिल्लीला जाणं झालं आणि प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स पाहिला. राज रेवल यांची वास्तुरचना, महेंद्र राज यांचं इंजिनिअरिंग, साल 1972. एवढी प्रचंड जागा, आणि आत एकही खांब नाही. जगात अशा रचना पोलादी पाइपांच्या करतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद मिळणं अवघड, म्हणून ही माणसं थांबली नाहीत, त्यांनी ती काँक्रीटमध्ये जागेवर ओतून उभी केली. मी त्या छताखाली मान वर करून किती वेळ उभा होतो कोण जाणे. 2017 च्या एप्रिलमध्ये ती इमारत पाडली. ते दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही.

नोकरी सोडून लातूरला परतलो तेव्हा अण्णांनी एकच विचारलं, "हे स्पेस फ्रेमचं काम घेणार कोण?" वर्षभर कुणीच घेतलं नाही. मग उदगीरकडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी विचारणा केली. 20 बाय 20 मीटरचं सभागृह, आणि स्टेजपुढे एकही खांब नको.

त्या छताची भूमिती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वरची जाळी 2 मीटरच्या चौकोनांची, 10 बाय 10. खालची जाळीही तशीच, पण अर्धं घर सरकवलेली, म्हणजे वरच्या प्रत्येक चौकोनाच्या मध्याखाली खालचा एक नोड, म्हणजे पाइप एकत्र येतात तो सांधा, येतो. दोन्ही जाळ्या तिरप्या पाइपांनी जोडल्या की उलट्या पिरॅमिडांची रांगच तयार होते. दोन जाळ्यांमधलं अंतर 1.414 मीटर ठेवलं, तर तिरपा पाइपही बरोबर 2 मीटरचा येतो. वरचे 220, खालचे 180, तिरपे 400, असे एकूण 800 पाइप आणि सगळ्यांची लांबी एकच! नोड 221. त्रिमितीत रचना स्थिर राहायला नोडांच्या तिपटीतून 6 वजा करून जेवढे येतील निदान तेवढे पाइप लागतात. इथे ते 657 होतात. आपल्याकडे 800 आहेत, म्हणजे भार एका वाटेने अडला तर त्याला दुसरी वाट आहे.

कागदावर हे सुंदर दिसतं. वर्कशॉपमध्ये पहिलाच पिरॅमिड जुळेना. शेवटचा बोल्ट नोडच्या भोकासमोर येईचना. जर्मनीत माक्स मेंगरिंगहाउझेन यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला 18 भोकांचा आटे पाडलेला गोळा बाजारात आणला, आमचा नोड त्याच पद्धतीचा. पाइपच्या दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे तुकडे वेल्ड करायचे, त्यातून बोल्ट नोडमध्ये जातो. आम्ही पाइप टेपने अचूक मोजून कापले होते. अण्णांच्या वेळेपासूनचे आमचे वेल्डर चाचा म्हणाले, "भैया, कापताना बरोबर होता, पण वेल्ड थंड होताना माल खेचून घेतो. कापल्यावर नको, वेल्ड झाल्यावर मोज." एका पाइपमागे 1 मिलिमीटर कमी पडला, तर दहा घरांत 10 मिलिमीटर जातात. मग चाचांनी जाड प्लेटवर जिग, म्हणजे पाइप ठरल्या मापात पकडून ठेवणारा साचा, बनवला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पाइप जिगमध्येच वेल्ड होतो आणि गार झाल्यावर पुन्हा मोजला जातो. पहिले 60 पाइप आम्ही भंगारात काढले.

त्या कामात आम्हाला नफा झाला नाही. मालक किलोचा भाव धरून बसले होते. लोखंड कमी लागलं म्हणजे पैसेही कमी, असं त्यांचं म्हणणं. पण मेहनत होती ती नोडच्या कोनांत आणि एकेका मिलिमीटरात, आणि वजनकाटा ती दाखवत नाही. त्यानंतर मी किलोने काम घेणं बंद केलं. आम्ही चौरस मीटरचा भाव देतो. काही गिऱ्हाइकं गेली.

सगळ्यात मोठी चूक आमच्या तिसऱ्या कामात झाली. उघड्या जागेवरची छोटी छत्री होती. छताच्या वजनाने वरचे पाइप दबतात आणि खालचे ताणले जातात. ताणाला बारीक पाइप पुरतो, म्हणून खालची जाळी मी बारीक ठेवली. वैशाखात वळिवाचा वारा आला आणि त्याने छत खालून उचललं. ताणातले पाइप क्षणात दाबात आले आणि चार पाइप धनुष्यासारखे वाकले. खाली कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. दाबातल्या पाइपची लांबी दुप्पट झाली की त्याची वाकण्याआधीची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. छत्रपती संभाजीनगरसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रतिसेकंद धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला 90 किलोच्या वर जातो. आमचं हलकं छत पत्र्यासकट त्याच्या निम्म्यानेही नव्हतं. हलक्या छताला खाली धरून ठेवणंही तितकंच गरजेचं आहे, हे मी त्या दिवशी शिकलो. ती सगळी जाळी आम्ही आमच्या खर्चाने बदलली.

अमेरिकेत हार्टफर्ड शहरात 18 जानेवारी 1978 च्या पहाटे एका मोठ्या क्रीडागृहाचं स्पेस फ्रेमचं छत बर्फाच्या भाराखाली कोसळलं. काही तासांपूर्वी तिथे हजारो प्रेक्षक सामना पाहत होते. वरच्या दाबातल्या दांड्यांना मध्ये पुरेसा आधार नव्हता. नव्या मुलाला कामावर घेतलं की मी त्याला आधी ही गोष्ट सांगतो आणि मगच कॉम्प्युटरवर बसवतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण ऊन आहे. पहाटे आणि भर दुपारी पाइपच्या तापमानात 35 अंशांचा फरक पडला, तर 20 मीटरचं छत सुमारे 8 मिलिमीटर लांबतं. चारी बाजूंनी करकचून बांधलं तर ते खांबांना ढकलतं. म्हणून एका बाजूला पक्का आधार आणि बाकी ठिकाणी बोल्टला सरकायला लांबट भोकं ठेवतो. साइटवरची माणसं ती सैल दिसली म्हणून वेल्ड करून टाकतात, त्यामुळे छत चढवल्यावर मी स्वतः फिरून एकेक भोक बघतो.

आज आम्ही अकरा जण आहोत. अण्णा सकाळी येऊन बसतात, वजनकाटा त्यांनी कोपऱ्यात जपून ठेवला आहे. गेल्या महिन्यात आजोळच्या गावाहून शाळेसाठी प्रार्थनेच्या छताचं काम आलं. 12 बाय 12 मीटर, दीड मीटरचा पाइप, 512 पाइप आणि 145 नोड. गावातली म्हातारी माणसं विचारत होती, एवढ्या बारीक पाइपांच्या छताखाली लेकरांना कसं बसवायचं? मी त्यांना झाडूच्या काड्यांचा पिरॅमिड करून दिला आणि त्यावर वीट ठेवायला सांगितली. दोन विटा ठेवून झाल्यावर एका आजोबांनी तिसरी आणायला पोराला पिटाळलं.

पाइप कापून झाले आहेत. सोमवारी चाचा जिग लावतील.