ब्यूझिंगेनला राहायला जाताना

आम्ही जर्मनीतून जर्मनीतच घर बदललं, पण सामान स्वित्झर्लंडच्या कस्टममधून न्यावं लागलं. असं म्हटलं की समोरचा माणूस हमखास दोन-चार प्रश्न विचारतो. ते प्रश्न रास्तच असतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते. कुणाला तिकडे राहायला जायचं असेल तर उपयोगही होईल.

गावाचं नाव ब्यूझिंगेन. ऱ्हाइनच्या काठावरचं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जिल्हा कॉन्स्टान्झ. नकाशात पाहिलं तर गावाच्या चारी बाजूंना स्वित्झर्लंड आहे आणि बाकीची जर्मनी एक किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावरून सुरू होते. नवऱ्याची नोकरी झिंगेनला. झिंगेनही जर्मनीतच आहे, पण तो रोज सकाळी जर्मनीतून निघून स्वित्झर्लंड ओलांडून जर्मनीत कामाला जातो आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येतो.

गावात कर जर्मनीचा, पोलीस आणि कोर्टकचेरी जर्मनीची, पण सीमाशुल्क स्वित्झर्लंडचं. २३ नोव्हेंबर १९६४ ला दोन्ही देशांनी करार केला आणि ४ ऑक्टोबर १९६७ पासून तो लागू झाला. त्या करारानुसार ब्यूझिंगेन स्विस सीमाशुल्क क्षेत्रात मोडतं. युरोपियन युनियनच्या सीमाशुल्क संघात ते नाही आणि जर्मनीचा विक्रीकरही तिथे लागत नाही, स्वित्झर्लंडचा लागतो. आमच्या सगळ्या कागदपत्रांचं मूळ या एका करारात आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही श्टुटगार्टजवळचं घर सोडायचं ठरवलं. घरमालकीण बाईंनी भाडेकरारावर सही घेतानाच सांगून ठेवलं, "सामान शनिवारी आणू नका. कस्टमचं हे काम फक्त कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत होतं." आमच्या सगळ्या बेतात हा सल्ला सर्वांत मोलाचा ठरला. जर्मनीत घर बदलायचं म्हणजे शनिवार ठरलेलाच, कारण मित्र मदतीला मिळतात आणि ट्रकही भाड्याने सहज मिळतो. आम्ही मंगळवार धरला, रजा टाकली आणि मित्रांना तसं कळवलं.

दुसऱ्या देशातून राहायला येणाऱ्याचं घरगुती सामान शुल्काशिवाय आत घ्यायची स्वित्झर्लंडची पद्धत आहे. त्यासाठी १८.४४ नंबरचा फॉर्म असतो. अटी साध्या आहेत. सामान निदान सहा महिने तुमच्या वापरातलं हवं आणि पुढेही तुम्हीच वापरणार असलं पाहिजे. फॉर्मसोबत सगळ्या वस्तूंची यादी, पासपोर्ट आणि खरोखर तिथे राहायला जात असल्याचा पुरावा द्यायचा. इथे एक पेच होता. जर्मनीत पत्त्याची नोंद घरात राहायला गेल्यावरच होते, त्याआधी नाही, आणि कस्टमला पुरावा राहायला जायच्या आधी हवा. भाडेकराराची मूळ प्रत सोबत ठेवली, त्यावर काम झालं. गाडीही याच यादीत लिहिली.

यादी करायला बसलो तेव्हा कळलं की आपलं स्वयंपाकघर जर्मन भाषेत कागदावर उतरवणं हे मोठं काम आहे. पितळी परात, मसाल्याचा डबा, तीन प्रेशर कुकर, लाकडी देव्हारा. सासूबाईंनी हट्टाने पाठवलेला पाटा-वरवंटा मी 'मसाला वाटायचा दगड, दोन भाग' असा लिहिला. टाइंगेनच्या नाक्यावर अधिकाऱ्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि नेमकी तीच वस्तू पाहायला मागितली. ट्रकमधून पाटा काढून दाखवला. टाकी लावलेल्या पृष्ठभागावरून त्यांनी हात फिरवला, वापर कसा करतात ते विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि यादीवर शिक्का मारला. एक नवा सोफा मात्र आम्ही मुद्दाम वेगळ्या कागदावर बिलासकट दाखवला होता, कारण तो सहा महिन्यांच्या अटीत बसत नव्हता. त्याच वर्षी १ जानेवारीपासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं आयातशुल्क रद्द केलं होतं, त्यामुळे फक्त ८.१ टक्के विक्रीकर भरावा लागला. पावती मिळाली आणि ट्रक पुढे निघाला.

गावात पोचल्यावर पहिलं काम राटहाउसात, म्हणजे गावाच्या कचेरीत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, हा नियम सबंध जर्मनीत आहे. घरमालकाचं लेखी पत्र सोबत लागतं. त्याशिवाय नोंद होत नाही आणि भाडेकरार त्या पत्राच्या जागी चालत नाही. आमचं पत्र तयार होतं, काम चटकन झालं.

त्यानंतर गाडी. जिल्ह्यातल्या बाकी बहुतेक गाड्यांच्या नंबरप्लेटवर कॉन्स्टान्झची अक्षरं असतात, पण ब्यूझिंगेनसाठी स्वतंत्र 'ब्यूस' अशी अक्षरं आहेत. स्विस कस्टमवाल्यांना ही गाडी आपल्याच सीमाशुल्क क्षेत्रातली आहे हे लगेच ओळखता यावं म्हणून ही सोय. एवढ्या लहान गावाला स्वतःची नंबरप्लेट आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पोस्टाचंही तसंच. जर्मन पिनकोड ७८२६६, स्विस पिनकोड ८२३८. दोन्ही पत्त्यांवर पत्र घरी येतं.

हे सगळं असं का झालं, हा प्रश्न मला नोंदणीच्या दिवसापासून सोडत नव्हता. शोधत गेले तर उत्तर थेट १६९३ सालात सापडलं. तेव्हा ब्यूझिंगेन ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सत्तेखाली होतं आणि गावाचा जहागीरदार होता एबरहार्ड इम टुर्न. शेजारचं स्विस शहर शाफहाउझेन प्रोटेस्टंट, आणि एबरहार्डचा कल कॅथलिकांकडे आहे असा त्याच्या भाऊबंदांचा संशय. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्याच नातलगांनी त्याला पळवून शाफहाउझेनला नेलं आणि तिथे तो सहा वर्षं तुरुंगात राहिला. शेवटी ऑस्ट्रियाने बळाची धमकी दिली तेव्हा, १६९९ मध्ये, त्याची सुटका झाली. आपल्या माणसाला असं पळवून नेलं, ही गोष्ट ऑस्ट्रियाने मनात धरून ठेवली. पुढे १७२३ मध्ये आसपासच्या रायाट भागातल्या गावांवरचे हक्क ऑस्ट्रियाने शाफहाउझेनला विकले, १७७० मध्ये ड्योर्फ्लिंगेन आणि रामझेनचे हक्क झ्युरिकला विकले. ब्यूझिंगेन मात्र कुणालाच दिलं नाही. शाफहाउझेनला कायमची सल राहावी म्हणूनच ते हातात ठेवलं, असं इथे आजही सांगतात. १८०५ मध्ये गाव व्युर्टेम्बर्गकडे गेलं, १८१० मध्ये बाडेनकडे (तेव्हा ही दोन वेगळी राज्यं होती), आणि बाडेनसोबत जर्मनीत आलं. आमच्या सोफ्याच्या बिलावर स्विस कर लागला त्याची सुरुवात भाऊबंदकीच्या एका भांडणात आहे, हे कळल्यावर मी घरात सगळ्यांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते.

आणखी एक प्रसंग १८४९ चा. बाडेनमधली क्रांती मोडून काढायला आलेले हेसेन या जर्मन राज्याचे सैनिक जुलै महिन्यात बोटीने ऱ्हाइनवरून ब्यूझिंगेनला उतरले. बोट स्विस हद्दीतून गेली होती आणि स्वित्झर्लंडची परवानगी घेतलेली नव्हती. स्वित्झर्लंडने सैन्य जमवून त्यांची परतीची वाट अडवली. काही दिवस वाटाघाटी चालल्या, मग स्विस पहाऱ्यात सैनिकांना परत जाऊ दिलं. युद्धाची वेळ आली होती, ती टळली.

मला सर्वांत जास्त चटका लावून गेलं ते विसाव्या शतकातलं. १९१८ मध्ये गावात मतदान झालं आणि ९६ टक्के लोकांनी स्वित्झर्लंडमध्ये जायचा कौल दिला. तरीही काही झालं नाही, कारण बदल्यात जर्मनीला द्यायला स्वित्झर्लंडकडे योग्य जमीन नव्हती. दुसऱ्या महायुद्धात गावातले तरुण जर्मन सैन्यात. सुट्टीवर घरी यायचं तर वाटेत तटस्थ स्वित्झर्लंडची पट्टी, तिथे जर्मन गणवेशात चालता येत नाही. मग सीमेवर हत्यारं ठेवून घ्यायचे आणि स्विस पहारेकरी गणवेशावर घालायला लांब कोट द्यायचे. तो कोट घालून शिपाई घरापर्यंत चालत यायचा. मी तो रस्ता चाललेय. साधा शेतांमधला रस्ता आहे, पण चालताना त्या पोरांचा विचार मनातून जात नाही. आपल्या घरी जायला परक्याचा कोट अंगावर घ्यावा लागला त्यांना.

१९६७ च्या व्यवस्थेत फेरेनाहोफ नावाची तीन घरांची जर्मन वस्ती, तीही अशीच स्वित्झर्लंडच्या पोटात अडकलेली, स्वित्झर्लंडला दिली गेली आणि तिचा प्रश्न मिटला. ब्यूझिंगेन राहिलं ते राहिलंच. माझं प्रामाणिक मत असं की दोन सरकारांनी मिळून या गावाला न्याय दिला नाही, पण जगता येईल एवढी सोय करून दिली, आणि ती सोय रोजच्या रोज चालवायचं काम गावाच्या कारभाऱ्यांवर पडलं. ते काम सोपं नाही. दुकानात भाव स्वित्झर्लंडचे आणि पगारावर आयकर जर्मनीचा, जो शेजारच्या शाफहाउझेनपेक्षा बराच जास्त. त्यामुळे तरुण कुटुंबं गाव सोडतात. झिंगेनहून किराणा आणायचा तर स्विस नियम लागू: मांस माणशी दिवसाला एक किलो, आणि २०२५ पासून एकूण खरेदी माणशी १५० फ्रँकच्या आत, त्याहून जास्त झाली तर कर. आधी ही मर्यादा ३०० होती. महिन्याचं सामान एकदम भरायची आमची सवय त्यामुळे सुटली.

गावाचा कारभार कसा चालतो ते पाहायला मी ग्रामसभागृहात जायला लागले. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये गावचा प्रमुख थेट लोकांतून आठ वर्षांसाठी निवडला जातो आणि तोच गावाच्या परिषदेचा अध्यक्ष असतो. १,००० ते २,००० वस्तीच्या गावाला कायद्याने १० सदस्य. त्यांची निवडणूक दर पाच वर्षांनी. सदस्यांचं मूळ काम वेगळंच असतं, कुणी शेती करतो, कुणी नोकरी, आणि बैठक संध्याकाळी होते. बैठका लोकांसाठी खुल्या असतात, विषय आधी जाहीर होतात. ज्या कामाला चार जण हजर राहून ऐकतात ते काम अधिक नीट होतं असं मला वाटतं, म्हणून जमेल तेव्हा मागच्या खुर्चीवर जाऊन बसते.

९ जून २०२४ ला मतदान होतं. आदल्या वर्षीच मला जर्मन नागरिकत्व मिळालं होतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला आणि तो देताना रडूही आलं होतं. गावाच्या मतदानासाठी तीन महिने त्या गावात मुख्य वास्तव्य लागतं. आमची नोंद फेब्रुवारीतली, त्यामुळे यादीत नाव आलं. माझ्या शेजारच्या स्विस बाई इथे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं राहतात, त्यांना मत नाही. जर्मन आणि युरोपियन युनियनच्या नागरिकांनाच गावाच्या निवडणुकीत मत असतं आणि स्वित्झर्लंड त्या संघात नाही. हे मला पटत नाही. गावाच्या पाण्याचा, बालवाडीचा, रस्त्याचा निर्णय होतो तेव्हा तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्याचं म्हणणं मोजलं गेलं पाहिजे.

बैठकीत रहिवाशांना प्रश्न विचारायला वेळ ठेवलेला असतो. एकदा मी हात वर केला. आमची मुलगी गावातल्या प्राथमिक शाळेत आहे. प्राथमिक शाळा संपली की आईवडिलांनी ठरवायचं, मूल पुढे जर्मन शाळेत जाणार की स्विस. मी विचारलं की निर्णय कधीपर्यंत कळवायचा आणि नंतर बदलता येतो का. उत्तर तिथल्या तिथे मिळालं, शिवाय बैठक संपल्यावर एका सदस्याने थांबून आपल्या दोन मुलांचं सांगितलं: थोरला झिंगेनकडे गेला, धाकटी शाफहाउझेनला, आणि दोघांचंही व्यवस्थित चाललंय. शाफहाउझेनची बस गावातून जाते, मुलीच्या वर्गातल्या बऱ्याच जणी तिकडे जाणार आहेत. नवऱ्याचं मत जर्मन शाळेकडे, कारण पुढे जर्मनीत कुठेही गेलो तरी अभ्यासक्रम तुटणार नाही. मुलीला मैत्रिणींसोबत जायचंय. दोन्ही शाळांचे खुले दिवस पाहून घेऊ असं सध्या ठरलंय, आणि दोन्हीकडचे अर्ज आणून ठेवले आहेत.