बी बाजूचा डोलणारा षड्ज: कारण सापडलं, निम्मं काम झालं

काल रात्री पावणेबाराला माझ्या नव्या एलपी तबकडीच्या बी बाजूच्या शेवटच्या भैरवीतला तानपुरा पहिल्यांदा एका जागी स्थिर उभा राहिला. तीन आठवडे लागले, पण राहिला.

मागच्या नोंदीत स्पीकरमधल्या गुरगुरीचा निकाल लागल्याचं लिहिलं होतं. फोनो प्रीअँपची (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डब्याची) अर्थिंगची तार घट्ट केल्यापासून शांतता आहे, ती आजही टिकून आहे. त्याच शनिवारी दुकानातून ख्यालाची ती नवी एलपी आणली. जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, तबकडीवर पहिल्यांदाच. २०१५च्या जुलैपासून नवे अल्बम जगभर शुक्रवारी निघतात, पण बाहेर छापलेला माल आपल्या दुकानात पोचेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. दुकानाच्या दादांनी खोकं उघडल्या उघडल्या माझी प्रत बाजूला ठेवली होती. ए बाजू ऐकली आणि डोळे भरून आले. विलंबितात गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, आणि पृष्ठभाग इतका शांत की सुई टेकली की नाही ते वाकून बघावं लागलं.

मग बी बाजू लावली. सुरुवातीला काही जाणवलं नाही. सुई आत सरकत गेली तसा षड्ज हलायला लागला. शेवटच्या भैरवीपर्यंत तानपुरा पाळण्यात बसल्यासारखा वर-खाली होत होता.

पहिला संशय टर्नटेबलवर. बेल्ट दोन वर्षांचा झालेला, म्हणून नवा घातला. फरक शून्य. वेग तपासायची रेघांची स्ट्रोब डिस्क ठेवून बघितली, रेघा जागच्या जागी. दमदमची जुनी एचएमव्हीची एलपी लावली, तर तिच्यातला तानपुरा खांबासारखा उभा. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. वाकलेली तबकडी म्हणावी, तर हेडशेल (सुई बसवलेलं टोक) वर-खाली होत नव्हतं.

शेवटी घड्याळ घेऊन डोल मोजले. ९ सेकंदांत बरोबर ५. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद, ९ सेकंदांत ५ फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक डोल! तबकडी वाकलेलीही नाही, तरी फेरीशी बांधलेला डोल, म्हणजे भोक मध्यावर नाही. खात्रीसाठी रनआउटच्या, म्हणजे गाणं संपल्यावरच्या आतल्या खाचेत सुई सोडली आणि बाजूने पाहिलं. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, संथपणे डावीकडे-उजवीकडे झुलत होता. आलेखाच्या कागदाची पट्टी हेडशेलच्या मागे उभी करून मोबाइलने व्हिडिओ घेतला आणि थांबवून थांबवून वाचला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.२ मिलिमीटर. म्हणजे भोक मध्यापासून ०.६ मिलिमीटर सरकलेलं.

०.६ ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून हिशोब मांडते. कडेला, १४० मिलिमीटर त्रिज्येवर, स्वर साधारण ७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर आणि ७ सेंट खाली जातो. बऱ्याच वाद्यांत ते खपून जातं. आत, ६५ मिलिमीटरवर, तोच डोल १६ सेंट वर आणि १६ खाली, म्हणजे एकूण ३२ सेंट होतो. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, साधारण २१.५ सेंटची. म्हणजे दर १.८ सेकंदाला षड्ज जवळजवळ दीड प्रमाणश्रुती फिरून येत होता! ड्रम आणि गिटारच्या अल्बममध्ये एखाद्याच्या लक्षातही येणार नाही. आपल्या संगीतात आधाराचा सूरच हलला, तर वरचा कोमल ऋषभ कुठे लागला हे कशावरून ठरवायचं? म्हणून मी याच्या इतकी मागे लागले.

दादांनी एका शब्दाने न विचारता बदलून दुसरी प्रत दिली. तिच्यातही तेच. रनआउटमध्ये कोरलेला क्रमांक खूण म्हणून धरला, तर डोलाचं टोक दोन्ही प्रतींत एकाच ठिकाणी येत होतं. तेव्हा उलगडलं की चूक एका तबकडीची नाही, बी बाजूच्या स्टॅम्परची, म्हणजे तबकडी छापायच्या धातूच्या साच्याची आहे. दोन बाजूंचे स्टॅम्पर वेगळे असतात आणि त्यांचं मध्य शोधण्याचं कामही वेगवेगळं होतं, म्हणून ए बाजू निर्दोष. त्या स्टॅम्परवर निघालेली प्रत्येक प्रत अशीच असणार, तेव्हा तिसरी मागण्यात अर्थ नव्हता. तबकडी काढणाऱ्या कंपनीला व्हिडिओसकट मेल पाठवलाय.

आता उपाय. भोक मोठं करायचं आणि दर वेळी तबकडी हाताने मध्यावर आणायची. बोहरी आळीतून टेपर रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं निमुळतं हत्यार आणलं. चांगल्या पोलादाचा घ्या, स्वस्तातला प्लॅस्टिक कापत नाही, फाडतो. खाचांवर मास्किंग टेपची कडी चिकटवली, तबकडी उभी धरली म्हणजे भुगा खाली पडतो, आणि रीमर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा फिरवला. एकाच बाजूने फिरवलात तर भोक नसराळ्यासारखं होतं. ८.५ मिलिमीटरला थांबले. पेन्सिलीवर गुंडाळलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली आणि डिस्टिल्ड वॉटरने धुतली.

मध्यावर आणायची रीत आता हाताला बसली आहे. सुई रनआउटमध्ये ठेवायची, आर्म सगळ्यात बाहेर आला की प्लॅटर (फिरती थाळी) तिथेच थांबवायचा, सुई उचलायची आणि तबकडीची सुईकडची कड बोटाने हलकेच स्पिंडलच्या (मधल्या खुंटीच्या) दिशेने सरकवायची, दिसलेल्या डोलाच्या निम्मी. चार-पाच खेपांत पट्टीवर हालचाल दिसेनाशी होते. मग वरून वजन ठेवायचं. काल याच रीतीने भैरवी ऐकली. मोबाइलवरचा तानपुरा त्याच पट्टीत जुळवून शेजारी लावला, आणि दोन्ही षड्ज एकमेकांत विरघळले. तीन वेळा ऐकली.

शेवटच्या खाचांत मदत झाली ती ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५एमएल सुईची. त्याच कार्ट्रिजवर (सुई ज्यात बसते त्या भागावर) आधीची व्हीएम९५ई सुई काढून ही बसवता येते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. आतल्या बाजूला ‘स’ आणि ‘श’ फाटायचे, ते आता साफ येतात. किंमत जास्त आहे, पण या पैशांत याहून मोठी सुधारणा मी तरी ऐकलेली नाही.

एक अडचण उरते. ए बाजू लावतानाही आता तबकडी हातानेच मध्यावर आणावी लागते, कारण मोठं भोक दोन्ही बाजूंना मोठंच. बाजू पालटायला पाच मिनिटं जातात. माझ्याकडच्या आणखी चार तबकड्या अशाच आहेत. पुढच्या रविवारी त्यांनाही रीमर लावायचा बेत होता.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय की मी उलट्या टोकाने काम करतेय. प्रत्येक तबकडीचं भोक कशाला कापायचं? स्पिंडलच बारीक केला तर? भोक ७.२४ मिलिमीटरचं असतं. स्पिंडल ६ मिलिमीटरचा झाला, तर सगळ्या बाजूंनी ०.६२ ची मोकळीक मिळते, म्हणजे ही एलपी न कापताही बसली असती. निर्दोष तबकड्यांसाठी त्यावर पातळ पितळी नळी चढवायची, की झाला पूर्वीसारखा. माझ्या टर्नटेबलचा सबप्लॅटर (प्लॅटरखालची छोटी थाळी) स्पिंडलसकट सुटा निघतो, तेव्हा मूळचा जपून ठेवून दुसरा मागवता येईल. भोसरीत लेथवाले आहेत, एकाला आत्ताच फोटो पाठवला. त्या चार तबकड्यांना आता हात लावत नाही.

नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येईल. इतकी पातळ पितळी नळी कुणी कातून घेतली असेल, तर ती दाबाने वाकते का ते कृपया सांगा.

दादांना सगळं दाखवलं तेव्हा त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाले, “ताई, ती पट्टी मलाही एक करून द्या.” दुकानातल्या ऐकायच्या टर्नटेबलमागे ती लावणार आहेत, म्हणजे नव्या खोक्यातली एक प्रत विक्रीआधीच तपासली जाईल. शनिवारी जाड कागदावर काढून नेतेय.