तक्त्यावरची माणसं

नातीच्या वहीसाठी ‘थोर नेते’ हवे होते. भर दुपारी, जेवणानंतरच्या झापडीत, मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरखालून गठ्ठा ओढला, ‘फळं, फुलं, वाहनं, नेते’ असं पुटपुटत एक तक्ता उपसला आणि गुंडाळायला घेतला. ‘थांबा हो, बघू दे आधी.’ त्याला वाटलं, फाटलाय का ते बघतेय. मी बघत होते, कोण आहे आणि कोण गेलंय.

ही माझी जुनी खोड. लग्नाचा अल्बम हातात आला तरी मी आधी कोण आलं नव्हतं ते शोधते.

आमच्या वेळचा तक्ता पातळ कागदाचा. छपाई सरकलेली, त्यामुळे नेहरूंचा गुलाब खिशाजवळ आणि सुभाषबाबूंच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर. चौकटी कापायच्या, आईने शिजवलेली खळ लावायची, खाली नाव घालायचं. पगडीवाल्यांची फार पंचाईत. टिळक, गोखले, रानडे, आगरकर, सगळे बोटाच्या पेराएवढे. चौथीत मी गोखल्यांखाली ‘लोकमान्य’ लिहिलं आणि बाईंनी हातावर फूटपट्टी दिली. ‘टिळक ओळखू येत नाहीत?’ गोखले ओळखू आले नाहीत, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. ज्यांना गांधी गुरू म्हणायचे, १९०५ साली ज्यांनी आमच्याच पुण्यात भारत सेवक समाज काढला, त्यांची उतरण तेव्हाच लागली असावी.

नव्या तक्त्यावर गोखले नाहीतच. रानडे नाहीत, आगरकर नाहीत. आगरकरांना एक वेळ चालेल. त्यांची प्रेतयात्रा पुण्याने ते जिवंत असतानाच काढली होती; पुढे १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते खरोखरच गेले. आता तक्त्यावरून.

बाबासाहेब पूर्वी खालच्या कोपऱ्यात असायचे. आता वरच्या ओळीत, गांधींच्या शेजारी, निळ्या कोटात. आणि बरोब्बर मध्ये, ठसठशीत कुंकू लावलेल्या सावित्रीबाई. माझ्या तक्त्यावर त्या नव्हत्याच. दहा वर्षांच्या शाळेत त्यांची ओळख ‘जोतिबांच्या पत्नी’ एवढ्यावर आटोपली होती. त्यांचं समग्र वाङ्मय छापून आलं १९८८ मध्ये, म्हणजे त्यांना जाऊन नव्वद वर्षं झाल्यावर. तोवर माझं शिक्षण संपून मी संसाराला लागले होते. विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं ते २०१४ मध्ये. माझ्या पदवीवर नुसतंच ‘पुणे’ आहे.

लग्नानंतर दर चतुर्थीला मी दगडूशेठला जायचे. समोरच भिडे वाडा. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली तो. खाली दुकानं, वर मोडकळलेलं लाकूडकाम, मधे रिक्षा, हारवाले, गर्दी. चपला कुठे ठेवाव्यात या विवंचनेत मी कायम त्या वाड्याकडे पाठ करून उभी. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला, तेव्हा पेपरातल्या फोटोत मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं.

संध्याकाळी कापाकापी सुरू झाली. सावित्रीबाईंच्या चौकटीला गोंद लावता लावता नात म्हणाली, ‘आजी, यांच्यामुळेच तुझी आजी शाळेत गेली ना?’

‘नाही गं. ती नाही गेली.’

‘का?’

आजी शनिवार पेठेत वाढली. भिडे वाड्यापासून चालत दहा मिनिटं. त्या शाळेला साठेक वर्षं होऊन गेल्यावर जन्मली, तरी शाळेची पायरी चढली नाही. पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायची आणि मग शाई जाईपर्यंत पदराला बोट पुसत बसायची. तिच्या देवघराशेजारी टिळकांची तसबीर होती. एक ऑगस्टला तिला हार लागायचा, तगरीचा, आणि तो मी ओवून द्यायचे. हुजूरपागेत मुलींना काय शिकवतात यावर टिळकांनी किती टीका केली होती, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ते छापलेलं होतं. मला कळलं तोवर आजी राहिली नव्हती. असती तर सांगितलं असतं का? बहुतेक नाही.

यातलं नातीला काय सांगणार? ‘तेव्हा पाठवत नसत,’ म्हटलं. तिचं लक्ष तोवर गोंदाच्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेली पापडी सोलण्यात गेलं होतं.

ती तसबीर आता माझ्याकडे माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. दर दिवाळीला खाली येते. भिंतीला लाववत नाही, टाकवत तर नाहीच. काच पुसते आणि परत ठेवून देते.