टिटवीने हलवलेला खांब

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिलं' या विषयावर दोन पानं लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं. बोर्डाचे निकाल, गॅदरिंग, शाळेचा गणपती यांवर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला फक्त बाईंबद्दल लिहायचं आहे. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की प्रयोगशाळेतल्या बाई, हे माझ्या पुढच्या-मागच्या वर्गांना सांगायला नको. नाव छापलेलं त्यांना कधीच चाललं नसतं, म्हणून इथंही छापत नाही.

वनमहोत्सव आपल्याकडे दर जुलैत व्हायचा. हा उत्सव कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली केंद्रात मंत्री असताना सुरू केला, आणि मुनशी शिकले आपल्या बडोदे कॉलेजात. पाहुण्यांच्या भाषणात हे दर वर्षी असायचंच. रोप मात्र दर वर्षी त्याच खड्ड्यात लागायचं, कारण आधीच्या वर्षीचं मे महिन्यात वाळलेलं असायचं. बाई टाळ्या वाजवायच्या नाहीत. स्टाफच्या रांगेत हाताची घडी घालून उभ्या राहायच्या.

मग त्यांनी हेडसरांकडून मागचं आवार मागून घेतलं. प्रयोगशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतचं. मोडके बाक, फुटकी कौलं, कचरा जाळल्याची राख आणि गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, एवढंच तिथं होतं. कुणाला नकोच होतं, लगेच मिळालं.

वेळ मात्र वाईट निवडली होती. १९८५ पासून गुजरातेत धड पाऊस नव्हता आणि ८७ चा दुष्काळ तर माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. घरी आई बादली मोजून पाणी देत असताना शाळेत झाडांना कुठून आणायचं? बाईंनी टाकीजवळच्या मोरीपासून आवारापर्यंत एक चर आमच्याकडून खणून घेतला. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणी थेट झाडांना. (साबण तेव्हा आमच्यापैकी कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे झाडांना धोका नव्हता.) शाळा सुटली की वॉटरबॅगेत उरलेलं पाणी आपापल्या रोपाला ओतायचं आणि मगच फाटकाबाहेर पडायचं. फाटकाशी त्या स्वतः उभ्या असायच्या आणि वॉटरबॅगा हलवून बघायच्या.

सामाजिक वनीकरणात त्या काळी निलगिरीची चलती होती. रोपं सहज मिळायची, सरळ वाढायची, गुरं तोंड लावायची नाहीत. बाई म्हणाल्या, "जे गुरं खात नाहीत, किडे खात नाहीत, ते लावून आपण बघायचं काय?" म्हणून आमच्याकडे करंज, बहावा, पांगारा, भिंतीपासून बराच लांब एक उंबर, आणि आमच्या घरांतून आणलेली लिंबाची नि कढीपत्त्याची रोपं आली. रुई आपोआप उगवली होती, ती ठेवली. पानं कुरतडलेली दिसली की त्या खूश. कढीपत्त्यावरच्या लहान अळ्या पहिल्यांदा आम्हाला चिमणीची शीट वाटल्या होत्या. पाखरांनाही तेच वाटावं म्हणून तो वेश, हे बाईंनी भिंगातून दाखवलं. त्याच अळ्या मोठ्या झाल्यावर हिरव्या होतात आणि मग काळं फुलपाखरू बाहेर पडतं, हे आम्ही फळ्यावरच्या चित्रात नाही, रोज सकाळी प्रार्थनेआधी त्या झाडाशी जाऊन पाहिलं. रुईवरच्या केशरी फुलपाखराला पक्षी का टिपत नाहीत, तर अळीनं रुईचा चीक पोटात साठवलेला असतो, हेही तिथंच कळलं.

शिपाईकाकांशी त्यांचं जमायला वेळ लागला. काका रोज संध्याकाळी पालापाचोळा गोळा करून जाळायचे, ती त्यांची शिस्त होती. बाईंनी पाला तिथंच पडू द्यायला सांगितला, वाळलेल्या शेवग्याचं खोडही तोडू दिलं नाही. "इन्स्पेक्शनला डीईओ साहेब आले म्हणजे मी काय सांगू?" असं काका विचारायचे. त्या खोडात पुढे तांबटानं भोक पाडून घर केलं, तेव्हा काकाच येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायला लागले. गळका हौद दुरुस्त करून आत एका बाजूला दगडांचा उतार केला, म्हणजे पडलेला सरडा-बेडूक बाहेर येईल. त्यावर आमच्या एकानं "बाई, यात मगर सोडायची का?" असं विचारलं होतं. मगरींच्या विश्वामित्री नदीच्या गावात असा प्रश्न पडणारच. बाई म्हणाल्या, "तिला यायचं असेल तर ती आपली येईल."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जून १९८८. सुट्टी संपून शाळा उघडली, मी नववीत गेलो होतो. खो-खोच्या मैदानावर, टाकीकडच्या खांबाजवळ जिथं मुरूम टाकला होता, तिथं टिटवीनं अंडी घातली होती. सुट्टीभर मैदान मोकळं, तिला काय माहीत! चार अंडी, मातकट रंगाची, काळपट डागांची, निमुळती टोकं आतल्या बाजूला. मुरमात इतकी मिसळून गेलेली की दाखवल्यावरही क्षणभर दिसायची नाहीत.

पी.टी.चे सर पहिल्याच दिवशी सराव घेणार होते. खो-खोची टीम म्हणजे सरांचा जीव, आणि बडोद्यासारख्या आखाड्यांच्या गावात तो असणारच. सर मैदानात उतरले, शिट्टी फुंकली आणि टिटवी किंचाळत थेट त्यांच्या डोक्यावर आली. सर खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा शिट्टी, पुन्हा टिटवी. आम्ही हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फार वेळ टिकला नाही.

मग दोघांची गाठ पडली. सर म्हणाले, "बाई, एका टिटवीसाठी शाळेनं खेळ बंद करायचे का?" बाईंनी आवाज चढवला नाही. "सर, महिन्याभराचा प्रश्न आहे. पिल्लं निघाली की ती एक दिवसही थांबणार नाहीत." सर काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर सर आणि काका पहार घेऊन दोन्ही खांब उपटत होते. सगळं मैदान पिंपळाच्या बाजूला सरकवलं. अंड्यांभोवती चुन्याचं रिंगण सरांनीच आखलं, फक्कीचा डबा घेऊन, खो-खोची पाटी आखतात तितकं नेटकं. त्या रिंगणात पाय टाकणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या, हा नियमही त्यांचाच.

कुत्री आणि कावळे हाकलायला आमच्या पाळ्या लागल्या. माझी पाळी दुपारची असायची. पाऊस अजून आला नव्हता, मुरूम तापलेला. नर-मादी आलटून पालटून बसायची. एकदा त्यांतली एक उठली, तुरुतुरु चालत आमच्या मोरीच्या चरापाशी गेली आणि पाण्यात उभी राहून पोट बुडवायला लागली. पाणी प्यायली असेल असं मला वाटलं. ती तशीच निथळत परतली आणि अंड्यांवर बसली. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या चालू तास सोडून आल्या आणि माझ्याशेजारी उन्हात उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं दुसरी टिटवी तेच करून आली. "अंडी गार ठेवतायत," एवढंच बोलल्या, आणि परत वर्गात न जाता तास संपेपर्यंत बघत राहिल्या. पूर्ण वर्ग खिडकीला लटकला होता.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली म्हणजे पाऊस दणकून होणार. बाई म्हणायच्या, तिनं मुरूम बघून कोरडी जागा धरली, हवामान खात्यानं काही तिला कळवलेलं नाही. त्या वर्षी पाऊस झाला चांगलाच. काका पुढे कितीतरी दिवस बाईंकडे बघून नुसते हसायचे.

जुलैत पिल्लं निघाली आणि बाईंच्या शब्दाप्रमाणे त्याच दिवशी चालती झाली. गेली ती मागच्या आवारातल्या गवतात. ते गवत कापा म्हणून काका महिनाभर मागे लागले होते. सरांनी खांब मात्र परत जुन्या जागी नेले नाहीत. खो-खोचं मैदान पिंपळाकडे का, असा प्रश्न पुढच्या मुलांना पडला असेल, तर त्याचं कारण हे.

मी पुढे कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल केलं. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना पावसाचं पाणी जमिनीत मुरवून देणं हा माझा व्यवसाय आहे आणि देवदयेनं बरा चालतो. कारखानदार कुंपणालगत हिरवळ मागतात, तीही झटपट. गेली काही वर्षं प्रत्येकाला कोनोकार्पस (भराभर वाढणारं परदेशी झाड) हवा असायचा. मी लावून दिला नाही, त्यात दोन मोठी कामं गेली. २०२३ मध्ये गुजरात सरकारनं कोनोकार्पस लावायला बंदी केली. परागकणांमुळे सर्दी-दमा, मुळांमुळे गटारं आणि केबल खराब, अशी कारणं दिली. तेव्हा त्यांतल्या एकाचा फोन आला, "तुम्हाला आधीच कसं कळलं?" मी काय सांगणार! त्यावर किडा बसत नाही, हे मला पुरेसं होतं.

गेल्या दिवाळीत शाळेत चक्कर मारली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी राग मानू नये, नवी इमारत छानच झाली आहे, लिफ्टसुद्धा आहे. पण मागचं आवार सबंध पेव्हर ब्लॉकनी झाकलंय आणि भिंतीला लागून तोच कोनोकार्पस उभा आहे. चर बुजवलाय. हौदाच्या जागी दुचाकींची शेड आहे. पार्किंग लागतं हे मला मान्य आहे, मीही स्कूटर तिथंच लावली. उंबर तेवढा आहे, त्याच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक आणलेत. खोडाला चिकटून लालसर उंबरं लगडली होती आणि बुलबुलांची झुंबड होती. ब्लॉकवर पडलेली फळं झाडणारे नवे शिपाई वैतागले होते.

महोत्सवाच्या निमित्तानं माजी विद्यार्थ्यांकडून देणगी मागितली आहे. कमान, पुतळा, सभागृहाला नाव, हे सगळं इतर मंडळी करतीलच. माझी देणगी अशी लिहून घ्यावी: उंबरापासून टाकीपर्यंतचे ब्लॉक उचलायला माणसं आणि ट्रॅक्टर माझे, भिंतीलगतची झाडं परवानगी घेऊन काढायचा खर्च माझा, कढीपत्ता, करंज आणि बहाव्याची रोपं माझ्याकडे तयार आहेत. शेड हलवावी लागणार नाही, मी मापं घेतली आहेत. संस्थेनं मे महिन्याच्या आत होकार कळवावा, म्हणजे पहिल्या पावसाआधी खड्डे होतील.